वेली झाकायचे दिवस

केतेवाननं डावा गुडघा खोडावर टेकवला, दोन्ही हातांनी वेल धरली आणि ती हळूहळू जमिनीकडे दाबत नेली. खोड करकरलं. ती थांबली.

"थांबू नकोस गं. मध्येच सोडलीस तर उसळून तोंडावर बसेल," पलीकडच्या ओळीतून दिंगताई म्हणाली. "दाब अजून. मोडायच्या आधीचा आवाज वेगळा असतो. हा नुसता कुरकुरण्याचा आहे."

वेल जमिनीला टेकली. दिंगताईनं फावड्यानं माती ओढली, ढेकळं बुटाच्या टाचेनं फोडली आणि वर हात फिरवून कुठं फट राहिली का ते पाहिलं. मग दोघी पुढच्या वेलीकडे सरकल्या.

नोव्हेंबरचा पहिला आठवडा संपत आला होता. चीनच्या वायव्येकडच्या हलान डोंगरावरून येणाऱ्या वाऱ्यात बोटं आखडत होती. महिना संपायच्या आत सगळा द्राक्षमळा मातीखाली गेला नाही तर थंडीनं खोडं उभी तडकली असती. एप्रिलमध्ये याच बायका फावडी घेऊन येणार आणि एकेक वेल पुन्हा वर काढणार, असं दर वर्षीचं होतं. केतेवानचं हे तिसरं वर्ष. तिच्या जॉर्जियातल्या गावात वेली बर्फात उभ्याच राहत. तिथं जमिनीत पुरतात ते मातीचे रांजण, गळ्यापर्यंत, आणि वाईन त्यांत मुरते. पहिल्या वर्षी तिनं हे सांगितलं तेव्हा ओळीतल्या बाराही बायका हसल्या होत्या.

"म्हणजे तुमच्याकडे दारू पुरतात अन् आमच्याकडे झाड!" फातुमाई म्हणाली होती. ती त्यांच्यातली सगळ्यात जाड आणि सगळ्यात तोंडाळ. "आम्ही पिकवायची, साहेबांनी विकायची, लांबच्या लोकांनी प्यायची. पाप तेवढं आमच्या वाट्याला येऊ नये, म्हणजे झालं."

सगळ्या मुसलमान घरच्या; त्यांच्यापैकी एकीनंही ती वाईन कधी चाखली नव्हती. वासावरून मात्र दिंगताई सांगायची, यंदाची गेल्या वर्षीपेक्षा बरी आहे की नाही. तिचा अंदाज चुकत नसे.

केतेवानला वाईन करता येत होती. पाच वर्षं ती तेच शिकली होती आणि त्याच कामासाठी इथं आली होती. पण वाईन करायचे दिवस वर्षातून दोन महिने. उरलेले दिवस ती विक्री बघणाऱ्या माणसाबरोबर आगगाडीनं हिंडायची. चंगचौ, वुहान, चांगशा. काळा पोशाख घालून प्रदर्शनातल्या टेबलामागे उभं राहायचं, पेले भरायचे, लोकांबरोबर फोटो काढायचे. 'या आमच्या फ्रान्सच्या तज्ज्ञ,' अशी तिची ओळख करून दिली जाई. पहिल्या वर्षी ती प्रत्येक वेळी दुरुस्ती करायची. दुसऱ्या वर्षी नुसती हसायची. यंदा वुहानच्या एका जेवणात कुणी विचारायच्या आत तिनं स्वतःच 'बोंजूर' म्हटलं होतं आणि मग हॉटेलच्या खोलीत, समोरच्या भिंतीकडे उघडणाऱ्या खिडकीशी, ती कपडे न बदलता बराच वेळ बसून राहिली होती.

या ओळीत मात्र तिला फ्रान्सची कुणी म्हणत नव्हतं. पूर्ण नाव जिभेवर बसेना म्हणून बायकांनी तिला केके करून टाकलं होतं. पहिल्या हिवाळ्यात ती तापानं फणफणली तेव्हा दिंगताईनं तिला आपल्या तीनचाकी बॅटरीच्या गाडीत घालून घरी नेलं, खालून विस्तव घातलेल्या ओट्यावर आठ दिवस निजवलं आणि जाताना मुलीचा जाड कोट अंगावर चढवला. मुलगी दक्षिणेत कारखान्यात होती. तिकडे असल्या कोटाचं काय काम, असं म्हणून तिनं तो परत घेतलाच नाही. आजही केतेवानच्या अंगावर तोच होता.

"आज तोंड का शिवलंय गं तुझं?" दिंगताईनं विचारलं. "सकाळपासून बघतेय."

"झोप नाही झाली नीट."

ते खोटं नव्हतं. काल, सोमवारी दुपारी, लुओ साहेबांनी तिला वर बोलावलं होतं. साहेब या मळ्याचे आणि वाईनरीचे मालक. टेबलावर एक रंगीत नकाशा पसरलेला होता. त्यावर पांढरे घुमटांसारखे तंबू, एक तलाव, गाड्या लावायची जागा. वेलींची हिरवी रेघ फक्त फाटकाजवळ होती, चार ओळींची.

"एप्रिलमध्ये सगळं उपटायचं," साहेब म्हणाले. "वाईन बाहेरून टँकरनं येईल. स्वस्त पडते. लोकांना राहायला जागा हवी, फोटोला डोंगर हवा. तुला काळजी नको. तू आहेस तशी राहा. पाहुण्यांना ओतून द्यायचं, दोन शब्द बोलायचे."

"मग झाकतोय कशाला आपण?"

"पुढच्या बुधवारी पाहणीला माणसं येणारेत. मळा चालू दिसला पाहिजे." साहेबांनी नकाशा गुंडाळला. "बायकांना काही बोलू नकोस. आज कळलं तर उद्या फावडी टाकून दुसरीकडे जातील, अन् अर्धा मळा उघडा राहील. पाहणी झाली की मीच सांगेन." मग खण उघडून तिचा पासपोर्ट त्यांनी हातात घेतला आणि परत ठेवला. "तुझा इथं राहायचा परवाना वीस तारखेला संपतोय ना? बुधवार पार पडू दे. गुरुवारी सही शिक्का करून टाकू."

ती जिना उतरून खाली आली तेव्हा ओळीतून फातुमाईचं हसणं ऐकू येत होतं.

"केके," दिंगताई म्हणाली. तिनं फावडं जमिनीत रोवलं आणि दांड्यावर दोन्ही हात ठेवले. "एक विचारायचं होतं. ओढ्यापलीकडं नवा मळा झालाय बघ, तिथला मुकादम मागे लागलाय. बाराही जणींना घेऊन ये म्हणतो, मार्चपासून. पण या आठवड्यात सांग म्हणतो, नाहीतर दुसरी टोळी बघतो. आता टोळ्या ठरायचेच दिवस आहेत. एकदा ठरल्या की वर्षभर कुणी दारात उभं करत नाही."

केतेवान मातीकडे बघत होती.

"तू आत बसतेस, साहेबांशी बोलतेस. बारा घरं आहेत माझ्यामागं. पुढच्या वर्षी इथं काम आहे ना गं?"

तीन ओळी पलीकडे कुणीतरी खोकलं.

"आहे," केतेवान म्हणाली.

"नक्की?"

"साहेब म्हणत होते, नव्या ओळीही लावायच्यात."

हे दुसरं वाक्य कुठून आलं ते तिचं तिलाच कळलं नाही. कुणी मागितलं नव्हतं. दिंगताईनं तिच्याकडे क्षणभर पाहिलं, मान हलवली आणि फावडं उपसलं.

"बरं," ती म्हणाली. "चल, ही ओळ संपवू."

त्या दिवशी केतेवाननं हातमोजे फाटेपर्यंत माती ओढली. दुपारी फातुमाईच्या हातून एक म्हातारं खोड तडकलं. त्या बाईनं स्वतःलाच दोन शिव्या घातल्या, डोक्याच्या रुमालाची किनार फाडली आणि जखम बांधावी तशी ती चीर बांधून काढली. मग वेल मांडीवर घेऊन बाळ निजवल्यासारखी खाली ठेवली.

"एप्रिलमध्ये बघू आता, जगते का," ती म्हणाली.

केतेवान उठून वाईनच्या टाक्यांमागे गेली आणि तोंडावर हात दाबून उभी राहिली. रडू आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी तिनं आईला फोन लावला. आई इटलीत, बारी शहरात, एका म्हाताऱ्याची सेवा करत होती. बाबा गेल्यावर बाग विकून झाली त्या वर्षापासून. म्हातारा नुकताच झोपला होता, म्हणून आई कुजबुजत बोलत होती.

"काम बरं चाललंय ना तुझं?"

"हो. आई, मी घरी परत गेले तर?"

पलीकडे आईनं दार लोटून घेतल्याचा आवाज आला.

"कोणत्या घरी?" आई म्हणाली. "किल्ली कुणाकडे ठेवलीय तेसुद्धा मला आठवत नाही गं. छपराचे पत्रे कुणी ठेवलेत की नेलेत, देव जाणे. तिथंच राहा. तुझं तिथं बरं आहे."

पुढचे दिवस असेच गेले. केतेवान रोज ठरवायची, आज सांगायचं. सकाळी बायका तीनचाकी गाड्यांतून उतरायच्या, एकमेकींच्या फडक्यातला पाव तोडून खायच्या, तिच्याही हातात तुकडा ठेवायच्या, आणि ते ठरवणं तुकड्याबरोबर घशाखाली जायचं. दिंगताई नेहमीसारखीच होती. ओळी जपून झाकत होती, हाताखालच्या बायकांना जपून झाकायला लावत होती. नव्या मळ्याचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही. म्हणजे नाही म्हणून कळवलं असणार, केतेवानला वाटायचं. माझ्या शब्दावर कळवलं असणार. रविवारी शेवटची ओळ मातीखाली गेली. मळ्यात बघायला उरले फक्त सिमेंटचे खांब आणि त्यांच्यामधले मातीचे लांबच लांब उंचवटे.

बुधवारी पाहणीची माणसं आली. चांगले बूट घालून ती दोन ओळींमधून चालली, उंचवट्यांचे फोटो काढले, केतेवानचेही काढले. गुरुवारी लुओ साहेबांनी तिचा पासपोर्ट तिच्यापुढे सरकवला. आणखी एक वर्ष. परवान्यावरच्या फोटोतली मुलगी कुणाच्या तरी हाकेला ओ द्यायला वळल्यासारखी दिसत होती. केतेवाननं पासपोर्ट मिटला आणि कोटाच्या खिशात घातला. काहीच वाटलं नाही तेव्हा तिला भीती वाटली.

शुक्रवारी ती बसनं दिंगताईच्या गावी गेली. सगळी घरं एकसारखी, सरकारनं बांधलेली. पण दिंगताईच्या दाराशी लाल मिरच्यांच्या माळा असायच्या. तिचा नवरा मशिदीतून येऊन अंगणात गाडीचं चाक बघत होता. आत मोठ्या पातेल्यात बकऱ्याचं मटण शिजत होतं आणि दिंगताई कणकेच्या लांब शेवया ओढत होती.

"ये, बस वर, ओट्यावर. पाय गारठले असतील," ती म्हणाली.

केतेवान बसली नाही. कोटाची बटणंही न काढता तिनं उभ्यानंच सगळं सांगितलं. नकाशा, तंबू, टँकर, पाहणी, शिक्का. एप्रिलमध्ये वेली वर काढायच्या नाहीत, उपटायच्या आहेत. तिला स्वतःला गेल्या आठवड्यातल्या सोमवारीच हे ठाऊक होतं. मधेच तिला चिनी शब्द सापडेनात, तेव्हा तिनं तेच शब्द दोनदा वापरले.

दिंगताईनं शेवया उकळत्या पाण्यात सोडल्या आणि झाऱ्यानं हलवल्या.

"उपटायला येणारा पोकलेन माझ्या दिराचाच आहे," ती म्हणाली. "एप्रिलचं काम त्याला साहेबांनी ऑक्टोबरातच सांगून ठेवलंय."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"बाकीच्यांना?"

"सगळ्यांना."

"मग इतकं जपून कशाला झाकलंत?"

"पंधरा दिवसांचं काम होतं. अन् वेलींनी काय केलंय कुणाचं?" दिंगताईनं वाडग्यात शेवया काढल्या, वर मटण घातलं, रस्सा ओतला. "मार्चपासून आम्ही ओढ्यापलीकडं जातोय. बाराही जणी."

केतेवान खाली बसली. छातीवरचं काहीतरी एकदम उतरलं आणि तिला हसू फुटलं, हसता हसता नाक वाहू लागलं.

"मला वाटलं, तुम्ही माझ्या शब्दावर थांबलात. मला वाटलं, माझ्यामुळे सगळ्यांचं काम गेलं. दहा दिवस मी…"

"छे. त्या मुकादमाला मी गेल्याच्या आधीच्या शनिवारीच हो कळवलं होतं."

केतेवाननं वाडगा दोन्ही हातांत घेतला. रश्श्याची वाफ तोंडावर येत होती. शनिवार. साहेबांनी नकाशा दाखवला तो त्यानंतरचा सोमवार. आणि ओळीत, फावड्यावर हात ठेवून, दिंगताईनं विचारलं तो मंगळवार.

तिनं मान वर केली. दिंगताई पाठमोरी होती. पातेल्याच्या कडेला चिकटलेला फेस काढत होती.

"ताई, मग मंगळवारी तुम्ही मला विचारलंत ते…"

"गार होतंय."

बाहेर नवऱ्यानं चाकात हवा भरायला सुरुवात केली होती. पंपाचा आवाज येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता. केतेवाननं एक घास घेतला. तो तोंडात फिरत राहिला. दिंगताईनं स्वतःसाठी वाढून घेतलं नाही; ओल्या फडक्यानं तिनं चुलीची कड पुसली, पुसलेली पुन्हा पुसली, मग दारात जाऊन हाक दिली.

"अहो, झाली का गाडी? पाहुण्यांना बसपर्यंत सोडायचंय."

परत येताना तिनं चहाचा पेला आणला. वाळलेले खजूर आणि गोजीची लाल फळं वर तरंगत होती. पेला तिनं दोन्ही हातांनी पुढे केला, घरी पहिल्यांदा आलेल्या माणसापुढे करतात तसा, आणि हसली. हसणं चांगलं होतं. त्यात कुठेही राग नव्हता.

"घ्या," ती म्हणाली. "खडीसाखर घातलीय. तुम्हाला चालते ना?"