आवाजाचं बटण

बायको गेल्याचं कळलं तेव्हा तो एका अनोळखी घरात बेसिनखाली उताणा पडला होता. प्लंबर माणूस, निम्मी जिंदगी त्याच अवस्थेत गेलेली. फोन मेहुणीचा होता. केस पिकले तरी तिला घरात सगळे छोटीच म्हणत.

"भावजी, आधी खाली बसा."

"मी आडवाच आहे. बोल."

मग ती बोलली. बायको कामाला निघाली होती, बसथांब्यावर कोसळली, आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्याने फोन खिशात ठेवला. हातातला सांधा आवळून पुरा केला, नळ सोडून पाहिला. गळत नव्हता. घरमालकिणीने विचारलं, "झालं का?" तो म्हणाला, "झालं," आणि पेटी उचलून निघाला.

बायकोची इलेक्ट्रिक गिटार कपाटाशेजारी उभी होती, तशीच राहिली. दोघी बहिणी आणि एक शेजारीण अशा तिघी सुटीच्या दिवशी छोटीच्या गॅरेजमध्ये वाजवत बसायच्या. कधीमधी कुठल्या हॉलमध्ये कार्यक्रमही करायच्या. बायकोने एकदा जेवताना, मीठ दे म्हणावं तशा आवाजात सांगून टाकलं होतं, "माझ्यानंतर ही छोटीची." तेव्हा तो हो म्हणाला होता. हो म्हणायला काय जातं!

आता जात होतं. छोटीने गिटार मागितली तेव्हा तो म्हणाला, "आवाजाचं बटण ढिलं आहे. नीट करून देतो."

ते खोटं नव्हतं. गिटारला दोन बटणं होती, एक आवाज कमीजास्त करायचं, दुसरं सूर धारदार किंवा मऊ करायचं. दोन्ही पडायला आलेल्या दातासारखी हलत. बायको आत वाजवायला बसली की हा बाहेरून ओरडायचा, "अगं, कमी कर!" ती बटण उपटून बाहेर यायची आणि त्याच्या तळहातावर ठेवायची. "घे. तूच कर कमी." तो म्हणायचा, रविवारी बसवतो. आठवड्यातून एकदा येणारा रविवार त्याच्या वाट्याला कधी आलाच नाही.

छोटीने पुन्हा विचारलं तेव्हा तो म्हणाला, पाना सापडत नाही. त्यानंतर ती फोन न करताच आली. एका हातात गिटारची रिकामी पिशवी, दुसऱ्यात छोटा स्पीकर.

"प्लंबरच्या घरात पाना सापडत नाही, हे मी कुणाला सांगू?" ती म्हणाली. "परवा कार्यक्रम आहे आमचा. माझ्यासमोर करा. बसलेय मी."

आणि बसली. बायकोच्या माहेरच्या बायका एकदा बसल्या की उठत नाहीत, हे त्याला अनुभवाने ठाऊक होतं. त्याने पाना काढला.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर टॉवेल अंथरून त्याने गिटार निजवली. बटण ओढलं, ते लगेच हातात आलं. खाली बटणाच्या दांडीभोवती पांढरी टेप होती. नळाच्या आट्यांवर गुंडाळतात ती, त्याच्याच पेटीतली. बटणाने जरा तरी धरावं म्हणून बायकोने गुंडाळली होती. गुंडाळलीही बरोबर दिशेने, ताणून.

"टेप इतकी कशी संपते, असं मी विचारायचो," तो म्हणाला. "तर म्हणायची, उंदीर नेत असतील."

छोटी हसली, मग हसायची थांबली.

दांडीच्या बुडाशी नट होता, तोही सैल. त्याने पाना लावला आणि नळाचा नट आवळावा तसा दणकून आवळला. नटाबरोबर दांडी फिरली, दांडीबरोबर आतली डबी फिरली, आणि गिटारच्या पोटात कुठेतरी टक् झालं. छोटीने स्पीकर जोडून तार छेडली. स्पीकर मुका.

"भावजी, हा नळ नाहीये."

"आत्ता कळलं."

मागचं झाकण उघडलं तर एक वायर तुटून लोंबत होती. त्याला बरं वाटलं. आता होत नाही, असं म्हटलं की संपलं. छोटी रिकामी पिशवी घेऊन घरी जाईल, गिटार कपाटाशेजारी राहील. त्याने तोंड उघडलंसुद्धा. टेपचा तुकडा अंगठ्याला चिकटला होता. तो झटकून पडेना.

वायर सांधायला त्याने पेटीतून पाइप जोडायचा गॅसचा बर्नर काढला.

"खाली ठेवा तो," छोटी म्हणाली. "लाकूड आहे ते. ताईच्या मागे आता तिची गिटार पण जाळता का?"

मग तो खालच्या टीव्ही दुरुस्तीवाल्याकडून डाख द्यायची सोल्डरिंग गन मागून घेऊन आला. वायर डाख देऊन जोडली. या वेळी आतली डबी बोटांनी घट्ट धरली आणि नट बेताने आवळला. दांडीला मधोमध चीर होती. तिच्यात पेचकस घालून ती केसभर फाकवली आणि वरून बटण दाबलं. गच्च बसलं. सगळं काम चहा निवायच्या आत होण्यासारखं होतं.

छोटीने तार छेडली. आवाज एवढा मोठा आला की मांडणीवरची ताटं थरथरली.

"अगं, कमी कर!" तो ओरडला.

छोटीने बटण फिरवलं. ते हातात आलं नाही. आवाज कमी झाला.

मग छोटीने नाक पुसलं आणि दुसरं बटण हलवून पाहिलं. ते डुगडुगलं.

"आणि हे?"

"त्याचंही करायचंय. कार्यक्रम झाला की आण."

"आत्ता करा की. आता तर कळलंय तुम्हाला."

"पाना सापडायला हवा."

पाना टेबलावरच होता, तिच्या कोपराशी. तिने पान्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि टॉवेलचं टोक ओढून पाना झाकला.

"आणते," ती म्हणाली. "सावकाश करा. मला घाई नाही."

कार्यक्रम झाला. गिटार परत कपाटाशेजारी आली. आवाजाचं बटण पक्कं आहे. दुसरं अजून बसवायचं आहे.