रुखमाबाईंचा पाटा

"पृथ्वीच्या पोटात काय शिजतं, हे आता नागपूरच जगाला सांगणार!" असं मधुसूदननं वाडीतल्या भाड्याच्या खोलीत खणखणीत आवाजात जाहीर केलं. ऐकायला फक्त स्टोव्ह होता, आणि त्यातलंही रॉकेल संपलं होतं.

म्हणून तो चहाच्या आशेनं घरमालकीण रुखमाबाईंकडे गेला. साल चौऱ्याहत्तर. मधुसूदनचा प्रबंध भिवापूरकडच्या फार जुन्या लाव्हावर होता, आणि त्यातलं लाडकं प्रकरण होतं एपिडोट नावाच्या पिस्ता रंगाच्या खनिजाचं. त्याचं म्हणणं असं, की लाव्हा थिजल्यावर खोलातून कढत पाणी भेगांमधून वर आलं, त्यानं फेल्डस्परच्या पांढऱ्या दाण्यांतला चुना काढला, काळ्या दाण्यांतलं लोखंड काढलं, आणि त्यांतून एपिडोट रचलं. मार्गदर्शक ताराचंद सरांच्या मते हा हिरवा रंग पावसाबरोबर वरून झिरपलेला; थोडक्यात, शेवाळ. उद्यापर्यंत पुरावा आला नाही तर प्रकरण गळणार होतं, आणि मधुसूदननं आणलेला प्रत्येक दगड ऊनपावसानं कुजका निघत होता.

रुखमाबाई अंगणात पाटा धूत होत्या. पाटा त्यांच्या माहेरचा, भिवापूरचा. मधुसूदन चहा विसरला. वर्षानुवर्षं मिरची वाटून दगडाला आरशासारखी झिलई आली होती. मधोमध एक भेग, पिस्ताबर्फीच्या हिरव्या रंगानं गच्च भरलेली. तिच्या कडेचे दाणे पार हिरवे, जरा लांबचे अर्धे हिरवे अर्धे पांढरे, आणि टोकाचे पांढरेशुभ्र. पाणी कुठून कुठे गेलं, ते जणू पावलं उमटवत गेलं होतं. पाऊस झिरपला असता तर हिरवा रंग वरच्या सालीवर सगळीकडे सारखाच चढला असता.

"काय पाहून राहिला गा?" रुखमाबाई म्हणाल्या. "पाटाच तं हाय."

मधुसूदन सायकलवर बसला तो सरांच्या दारातच उतरला. मध्ये अमरावती रोडवरचे ट्रक लागले असणार, पण ते त्याला आठवत नाहीत. सर जेवायला बसत होते. मधुसूदन इतकं बोलला, इतकं बोलला, की त्याला गप्प करायचा दुसरा उपाय न सुचून सरांनी स्कूटर काढली. हातोडी सोबत आली ती सवयीनं.

ते पोचेपर्यंत रुखमाबाईंची अर्धी मिरची वाटून झाली होती. त्यांनी कुरकुरत वाटण थाळीत काढलं आणि पाटा फडक्यानं पुसला. आता कोरड्या दगडाचा रंग कळत नाही. अशा वेळी दगडवाले काय करतात, ते सरांनी पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांना शिकवलं होतं: बोट जिभेला लावायचं, दगडावर घासायचं, भिंगातून बघायचं. सरांनी तसं केलं. नीट दिसेना, म्हणून तेच बोट पुन्हा जिभेला लावलं.

भिवापुरी मिरचीनं गावाचं नाव राखलं. सरांचे कान लाल झाले, डोळ्यांना धारा लागल्या. पण भिंग काही सुटेना.

"खालून आलंय रे," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "भेगेतूनच आलंय. प्रकरण ठेव."

सर गहिवरले असं वाटून मधुसूदनलाही भरून आलं. अशी झिलई कुठल्याही प्रयोगशाळेत मिळायची नाही, सकाळीच फोटोग्राफर आणतो, तोवर या दगडाला ओरखडासुद्धा पडता कामा नये, असं सरांनी नाक पुसत बजावलं.

रुखमाबाईंनी सरांना गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या दिला. मग बाईंची नजर हातोडीवर गेली.

"साहेब, हातोडी हायच तुमच्यापाशी, तं जाता जाता पाट्याले टाके मारून जरा खरबरीत करून द्या. पार गुळगुळीत झाला, मिरची सरकून राहिली."