तांबडखोऱ्याचा रिपीट

शालिग्राम राहायला सुरतेजवळ कोसाडला होता, पण त्याचा जीव तांबडखोऱ्यात. आता हे तांबडखोरं खानदेशात शोधायला जाऊ नका, सापडायचं नाही. सुरतेत छगनशेठच्या साडीछपाईच्या कारखान्यात तो डिझाइनं काढायचा, आणि उरल्यासुरल्या कागदावर या नसलेल्या देशाचा नकाशा. डोंगर, नद्या, गढ्या, वेशी, सगळं बारीक ब्रशने. त्याची बायको उज्ज्वला म्हणायची, माझा नवरा राज्य तिकडे करतो आणि रॉकेलच्या रांगेत मला उभी करतो.

तरी त्या देशाच्या गोष्टी तिला तोंडपाठ होत्या, आणि एकीवरून तर कायमचं भांडण होतं. राजपुत्र उदेभानला घोडा आवरेना, म्हणून राजाने त्याला पूर्वेच्या डोंगरापलीकडे हाकलून दिलं होतं. राणी बिचारी पश्चिमेच्या वेशीवर दिवा लावून वाट बघायची. पोरगा गेला पूर्वेला आणि दिवा पश्चिमेला, असं का? तर पूर्वेला डोंगरामुळे दिव्याला जागाच उरली नव्हती. त्या लेकराला परत आणा, असं उज्ज्वला भाकरी थापता थापता सांगे. कुठून आणू, शालिग्राम म्हणे, डोंगराला वाट नाही आणि पलीकडे कागद नाही.

अशात छगनशेठने कम्प्युटर आणला. शेजारच्या शेठकडे आला होता, मग हा कसा मागे राहील? दिवाळीच्या आत जो पडद्यावर काढलेलं डिझाइन छापायला देईल तो राहील, बाकीच्यांनी गावचं तिकीट काढावं, असं शेठने चहा पिता पिता सांगून टाकलं. गावी आता भावाच्या ओसरीशिवाय शालिग्रामचं काही उरलं नव्हतं, आणि ओसरीवर भावाची म्हैस होती.

शिकवायला बारडोलीहून गायत्री नावाची मुलगी यायची. बिचारीने डोक्याला हात लावला. शालिग्राम माउस ब्रशसारखा बोटांच्या चिमटीत उचलून धरी, आणि पडद्यावरचा बाण ढिम्म हलत नसे. टेबलावर टेकवा म्हटलं की टेकवी, अन् सरकवत सरकवत टेबलाच्या कडेवरून खाली पाडी. गुलाब काढायला जावं तर वांगं निघे. हे ऐकून उज्ज्वला म्हणाली, "घोडा आवरला नाही म्हणून पोराला हाकललंत ना? आता भोगा."

ते त्याला झोंबलं. चांगलंच झोंबलं.

शेवटी गायत्रीने सांगितलं, काका, गुलाब राहू द्या, डोळे मिटून जे काढता येतं ते काढा. डोळे मिटून तर त्याला एकच गोष्ट येत होती. त्याने पूर्वेचा डोंगर काढला, तो वाकडा आला. गायत्रीने बटण दाबलं, डोंगर गायब. पुन्हा दाबलं, डोंगर हजर. शालिग्राम आ वासून बघत राहिला. कागदावर गढी चुकली की तो ब्लेडने खरवडायचा, कागदाला भोक पडायचं, आणि त्या भोकाला तळं म्हणायची पाळी यायची. तांबडखोऱ्यात तळी उदंड होती ती यामुळे. आता मात्र भीतीच गेली. हात असा सुटला की शेठ, दिवाळी, म्हैस, कशाचंही त्याला भान राहिलं नाही.

भान आलं ते शेठ खुर्चीमागे येऊन उभा राहिला तेव्हा. दिवाळी तोंडावर, आणि पडद्यावर साडीचं फूल नाही की पान नाही, नुसता एक देश. गायत्रीने मुकाट्याने ते चित्र साडीभर पसरवायचं बटण दाबलं. तांबडखोऱ्याशेजारी तांबडखोरं, त्याच्याशेजारी आणखी एक, आणि मध्ये कुठे जोड म्हणून दिसेना!

झालं होतं असं, की साडीवर एकच तुकडा पुन्हा पुन्हा छापतात, त्याला रिपीट म्हणतात. उजवीकडे बाहेर गेलेली वेल डावीकडून बरोबर आत यावी लागते. घरच्या कागदावर शालिग्रामने असलं कधी केलं नव्हतं, पण कारखान्याच्या खुर्चीत बसल्यावर हाताने आपली जन्माची खोड सोडली नाही. नदीला नदी, वाटेला वाट, सगळं कडेला कडा जुळवून ठेवलेलं. शेठने पडद्याला नाक लावलं. "आ तो चालशे, शालिग्रामभाई," तो म्हणाला, आणि छपाईवाल्यांना हाक मारली.

नोकरी वाचली, पण शालिग्राम नमुन्याची साडी घेऊन घरी आला तो एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून. देश नासला, तो बायकोला म्हणाला. सीमाच राहिली नाही. पूर्वेचा डोंगर संपतो तिथे आपलीच पश्चिमेची वेस लागते, हा काय नकाशा झाला?

उज्ज्वलाने साडी खाटेवर पसरली. पूर्वेच्या डोंगरावर बोट ठेवलं आणि हळूहळू पुढे सरकवलं. डोंगर उतरून बोट थेट पश्चिमेच्या वेशीत शिरलं, राणीच्या दिव्यापाशी. मग तिने डोळ्याला पदर लावला.

"पोऱ्या घर ऊना," ती म्हणाली. पोरगा घरी आला.

शालिग्रामने स्वतः बोट फिरवून पाहिलं. मग पुन्हा फिरवून पाहिलं. आणि बायकोकडे न बघता त्याने उगाच रंग कच्चा आहे का ते चोळून पाहिलं.

दिवाळीला उज्ज्वला तीच साडी नेसली. खाली बसून निऱ्या धरायचं काम शालिग्रामकडे होतं. कुठलीही घडी घातली तरी नेमकी समोरची वेस आत दडपली जायची, आणि ती पुन्हा सोडायला लावायची. पाहुणे ओट्यावर खोळंबले होते. तरी तिने बजावलं, नीट धरा, दिवा दिसला पाहिजे.