भट्टीवाडीचा हत्ती

भट्टीवाडीत हत्ती कधीही नव्हता. हे मी खात्रीनं सांगू शकतो, कारण तो मीच आणला.

राजूर घाटातून एक कच्चा रस्ता आत फुटतो. त्याच्या टोकाला ही चाळीस-पन्नास घरांची वाडी. एकेकाळी इथं चुनखडीच्या खाणी होत्या, भट्ट्या होत्या. आसपासच्या तालुक्यांतल्या कचेऱ्या आणि पूल या चुन्यावर उभे राहिले. मग सिमेंट आलं आणि वाडी बसली. (चुन्यावरचा जो विनोद तुम्हाला आत्ता सुचला, तो सगळ्यांनाच सुचतो. म्हणून मी करत नाही.) मागे राहिल्या त्या पडक्या भट्ट्या, पाण्यानं भरलेल्या दोन खाणी आणि एक घाणी. घाणी म्हणजे जमिनीत दगडानं बांधलेला गोल चर. त्यात कमरेइतकं उंच दगडी चाक उभं असायचं. लांब दांड्याला जुंपलेला बैल गोल फिरायचा, चाक फिरायचं आणि त्याच्याखाली चुना लोण्यासारखा मऊ व्हायचा.

प्रसेनजित आमच्या गल्लीतला. त्यानं इतिहासात एम.ए. केलं. त्याचा नोकरीशी काही संबंध नाही हे कळायला त्याला चार वर्षं लागली. मग त्यानं एक जुनी क्रूझर घेतली आणि 'घाट दर्शन' नावाची एका दिवसाची सहल काढली. शेगावला दर्शन आटोपलेल्या, पण परतीच्या गाडीला एक दिवस शिल्लक असलेल्या लोकांना तो सकाळी सातला लॉजवरून उचलायचा. बोथ्याच्या घाटातलं जंगल, बुलडाण्यात चहा, राजूर घाटातली दरी, मग भट्टीवाडी, तिथं झुंबरबाईच्या हातचं पिठलं-भाकर, आणि दिवेलागणीला परत शेगाव.

एके दिवशी तो माझ्याकडे आला. मी चाळीस वर्षं एका साप्ताहिकात टवाळीचं सदर चालवून घरी बसलो होतो. घरी बसलेल्या माणसाकडे लोक सल्ला मागायला येतात, कारण तो हमखास सापडतो.

"काका, दरीपर्यंत लोकं बराबर राह्यते," तो म्हणाला. "फोटो काढते, खुश राह्यते. भट्टीवाडीत मी चुना कसा भाजत होते ते सांगाले लागलो का झोपते. काल एक जण उभ्या उभ्या झोपला."

"त्यात तुझा दोष नाही. विषयच शांत आहे."

"तुमी लिहून द्या ना मले काहीतरी."

मी एकदा वाडी पाहून आलो आणि एका बैठकीत लिहून दिलं. गोल चराचा मी हत्तीचा हौद केला. एका सरदाराची चंपाकळी नावाची हत्तीण, फौजेबरोबर घाट उतरताना तिला तहान लागते, पण ती चौकोनी भांड्यातलं पाणी पीत नाही. कारण तिला कोपऱ्यांची भीती. मग सरदार एका रात्रीत गोल हौद बांधून घेतो. पाणी पिताना ती गोल फिरते, म्हणून मध्ये जागा मोकळी.

हे मी हसण्यासाठी लिहिलं होतं. शेंबड्या पोरालाही थाप कळावी म्हणून एकावर एक अशक्य गोष्टी रचल्या होत्या. माझी चूक एवढीच झाली की माझ्या सदराला वरती पाटी असायची. वाचणारा ती पाटी पाहून आत यायचा. क्रूझरला तशी पाटी नव्हती.

लोकांनी विश्वास ठेवला. एका बाईंनी तर चंपाकळीला पुढं किती पिलं झाली, असं विचारलं. प्रसेनजित पहिल्या फेरीहून आला तो तोंड पाडून.

"काका, मले बरं नाही वाटत. मी एम.ए. हावो."

"अरे, इतिहासात इतक्या थापा आहेत," मी म्हणालो, "त्यात एक हत्ती काय जड होतो?"

वाक्य छान होतं. माझी बरीचशी वाक्यं छान होती.

वर्षभरात वाडीत गर्दी वाढली. ग्रामपंचायतीनं 'ऐतिहासिक हत्ती हौद' असा बोर्ड लावला. दुसऱ्या वर्षी चराच्या मधोमध सिमेंटची हत्तीण उभी राहिली. रंग राखाडी, सोंडेत कमळ आणि पायांच्या नखांना लाल ऑइलपेंट. मी मित्रांना मुद्दाम घेऊन जायचो. जिल्ह्यात माझं एवढं मोठं पुस्तक दुसरं नाही, असं म्हणायचो. क्रूझरमधली पुढची सीट तर माझी कायमचीच होती.

त्या रविवारी ऑक्टोबरचं ऊन होतं. घाटात सीताफळाच्या टोपल्या बसल्या होत्या. गाडीत परभणीचं एक भजनी मंडळ होतं, सहा जण, आणि देऊळगाव राजाहून आलेली एक म्हातारी, नातीबरोबर. म्हातारीचं नाव गोजरबाई, नातीचं काजल. लॉजवरच्या पत्रकात 'भट्टीवाडी' वाचून आजीनं परतीची एसटी सोडून दिली होती, असं काजलनं चहाच्या वेळी सांगितलं.

दरीपाशी सगळे उतरले. खालपर्यंत डोंगराचे थर दिसत होते, मंडळाचे बुवा हात जोडून उभे होते. गोजरबाई गाडीतच बसून राहिली.

"आजी, ये ना, किती भारी दिसतंय!"

"पाह्यलं हाय म्या. डोक्यावर पाटी घेऊन पाह्यलं हाय." ती बोटांवर काहीतरी मोजत होती. "अजून दोन वळणं हायेत. तू पाय."

हे मी ऐकलं. आमच्या धंद्यात कान तिखट लागतात. माझे मी निवृत्तीच्या दिवशी कचेरीत जमा करून आलो असणार, कारण मी सीताफळाच्या बिया थुंकत बसलो, काही विचारलं नाही.

भट्टीवाडीत प्रसेनजितनं हत्तिणीपुढं उभं राहून सुरुवात केली. आता त्याला सराव झाला होता. कोपऱ्यांच्या भीतीपाशी तो आवाज खाली आणायचा. मंडळी रंगली. गोजरबाई मात्र चराच्या कडेनं चालत होती. एका जागी ती हात टेकून आत उतरली, तळाच्या दगडावरून तळवा फिरवला आणि वर पाहिलं.

"बाबू, चाक कुठी हाय?"

प्रसेनजित थांबला. "कोणतं चाक, आजी?"

"घाणीचं. एवढं." तिनं हात डोक्याच्या वर नेला. मग जरा विचार केला आणि तो कमरेपर्यंत खाली आणला. "एवढं. तवा मी लहान होती."

प्रसेनजितनं माझ्याकडे पाहिलं. तो पाहतोय म्हणून बाकीच्यांनीही पाहिलं. नऊ जण आपल्याकडे पाहतायत म्हटल्यावर मी चाळीस वर्षं जे करत आलो तेच केलं.

"आजी, चंपाकळी पाणी पिऊन निघाली, पण गाडीचं चाक पंक्चर होतं," मी म्हणालो. "मग तिनं इथलंच बसवलं आणि गेली."

मोठा हशा झाला. काजलसुद्धा हसली. रस्ता ओलांडताना आपण ट्रक जाऊ देतो, तसं गोजरबाईनं ते हसणं जाऊ दिलं.

"भाऊ," ती मला म्हणाली, "त्या चाकावर माह्या भावाची खाच हाय."

मग तिनं सावकाश सांगितलं. तिचा बाप या घाणीवर होता. पोर झालं की तो छिन्नीनं चाकाच्या कडेला एक खाच घालायचा. पोळ्याला बैलांबरोबर चाकाचीही पूजा व्हायची, तेव्हा त्या खाचांत कुंकू भरायचे. "दोन खाचा हायेत. एक माही, एक शेषरावची. आमी दोघं दांड्यावर बसायचो, वजन पाह्यजे म्हून. माय बैल हाकायची. शेषराव चार वर्साचा होता, तापानं गेला. त्याचा फोटू नाही, दाखला नाही. कोणाच्या कागदात त्याचं नाव नाही. ती खाच तेवढी हाय. पंच्याहत्तर झाले मले. म्हणलं, एकदा हात लावून येते."

चुलीवरून उठून झुंबरबाई पिठाचे हात पुसत आली होती. तिला वाटलं आपण माहिती द्यावी.

"माय, ते चाक त फोडलं."

"काऊन?"

"हत्तीच्या पायव्यात भराले दगड लागत होता. अन् पंचायतीतले म्हणे, पाणी प्याच्या हौदात चाक कसं? पाहुणे विचारतीन. मंग घणानं चार तुकडे केले. चारी पायाखाली एकेक."

यात झुंबरबाईचं काही चुकत नव्हतं आणि ग्रामपंचायतीचंही नाही. माझ्या कागदात चाक नव्हतंच. मी लिहिताना ते समोर पाहिलं होतं, त्याच्यावर बसून पेन्सिलनं टिपणं काढली होती. आणि गोष्टीत बसत नाही म्हणून गाळलं होतं.

गोजरबाई चरातून वर आली. काजलचं हसू कुठल्या कुठं गेलं होतं, ती आजीचा हात धरून उभी होती.

"आजी," मी म्हणालो, "इथं हत्ती नव्हता. मी लिहिला."

"काका..." प्रसेनजित म्हणाला.

"तू गप. याला मी लिहून दिलं. मीच."

"काऊन लिहिला?" तिनं विचारलं. रागानं नाही. भाजीवालीला भाव विचारावा तसं.

"चुन्याचं खरं खरं सांगितलं की लोक झोपायचे."

"माही मायबी झोपायची," ती म्हणाली. "बैलामागं चालता चालता. मी दांड्यावरून हाका मारायची."

 

"शेषरावची खाच कोणत्या पायाखाली असंन?" तिनं झुंबरबाईला विचारलं.

"ते कसं सांगू माय?"

"अन् दोन्ही एकाच तुकड्यात असतीन का?"



गोजरबाईनं कनवटीची पुडी काढली. शेगावचं कुंकू होतं. ती पुढच्या उजव्या पायाशी वाकली, लाल नखांच्या वर बोट टेकवलं आणि "शेषू" म्हणाली. मग दुसऱ्या पायाशी गेली. तिथंही तेच. मागच्या पायांपर्यंत जायला तिला सगळ्या हत्तिणीला वळसा घालावा लागला. चौथ्या पायाशी बसल्यावर उठता येईना, तेव्हा तिनं त्या सिमेंटच्या गुडघ्याला धरलं.

आम्ही वळून पाहिलं तर भजनी मंडळानं चपला काढल्या होत्या. बुवा पुढं, बाकीचे मागं, शिस्तीत ओळ लावून ते हत्तिणीच्या पायांना हात लावत होते.

"अहो बुवा," मी म्हणालो, "ऐकलंत ना तुम्ही? थाप आहे ही. सिमेंटची आहे."

"सिमेंट काय अन् दगड काय," बुवा डोळे मिटून म्हणाले. "भाव पाहिजे."

 जेवताना गोजरबाईनं दोन भाकरी खाल्ल्या आणि ठेचा मागून घेतला. शेगावला उतरताना काजलनं माझा नंबर घेतला. गोजरबाई प्रसेनजितला म्हणाली, "गाडी चांगली चालवतं तू." माझ्याकडे पाहून तिनं मान हलवली. ती मान मी अनेकदा आठवून पाहिली. तिच्यात क्षमा होती की नुसता निरोप, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पुढच्या फेरीपासून प्रसेनजित खरं सांगू लागला. चुनखडी, भट्टी, घाणी, दांड्यावरची दोन पोरं, दोन खाचा. आता कोणी झोपत नाही. लोक ऐकतात, बायका डोळे पुसतात. आणि मग चपला काढून हत्तिणीच्या पायांना कुंकू लावतात. बोर्ड काढावा म्हणून मी अर्ज केला. सरपंच, गुलाबराव, चांगला माणूस आहे. त्यानं चहा पाजला.

"आता कसा काढता काका? मागच्या गुरुवारी एका बाईनं नवस बोलला तिले."

"पण ती खोटी आहे, गुलाबराव."

"हाव, पण बाई त खरी हाय ना."

हत्तीण बांधणारा मिस्त्री मी धाड गावच्या बाजारात गाठला. तो मिरच्या घेत होता. मी त्याला खाचांचं विचारलं. "काका, फोडाचा दगड होता तो," तो म्हणाला. "त्याच्यावर काय हाय, कोण पाह्यते?" माणूस खोटं बोलत नव्हता.

त्यानंतर आठवड्यानं काजलचा फोन आला.

"आजोबा, आजी विचारतेय, कोणता पाय ते समजलं का?"

मागचा डावा. हे शब्द माझ्या जिभेवर तयार होते. दोन्ही खाचा एकाच तुकड्यात आहेत, मिस्त्रीला पक्कं आठवतंय, हेही. किती सोपं होतं. म्हातारी त्या रात्री नीट झोपली असती. याहून हलक्या कारणांसाठी मी याहून मोठ्या थापा छापल्या आहेत आणि त्यांचे सत्कार घेतले आहेत.

"नाही समजलं," मी म्हणालो. "आता समजणारही नाही, असं सांग."

तिनं फोन बाजूला धरून सांगितलं. पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग म्हातारीचा आवाज, मग पुन्हा काजल.

"आजी म्हणतेय, मग पोळ्याला येते. चारही पाय करते."

"या म्हणावं. पुढची सीट ठेवतो. वळणं मोजता येतील तिला."

मी प्रसेनजितला तसं सांगितलं. "अन् तुमी?" त्यानं विचारलं. मी मागं बसेन म्हणालो. त्यानं वहीत पोळ्याच्या तारखेपुढं 'गोजरआजी, पुढं' असं लिहून ठेवलं. नोव्हेंबर चालू होता. पोळ्याला नऊ-दहा महिने होते. पंच्याहत्तरीच्या माणसाच्या हिशेबानं ते किती होतात, हे मी त्याला विचारलं नाही.