तळहातावरचे पाहुणे

सिद्धम्माचं आणि डॉक्टर वसंतरावांचं एका गोष्टीत अगदी मेतकूट होतं, ती म्हणजे उकळण्याच्या. मुरूमला दवाखाना टाकल्यापासून वसंतराव गावभर एकच सांगत सुटले होते, पाणी उकळून प्या. पटकीची साथ आली तेव्हा तर त्यांनी भर बाजारात उभं राहून घसा बसेपर्यंत ओरडून घेतलं. पोरं त्यांना 'उकळे डॉक्टर' म्हणायची. मोठी माणसं माना डोलवायची आणि घरी जाऊन आडाचं पाणी तसंच घटाघटा प्यायची. सिद्धम्मानं मात्र ते मनावर घेतलं, आणि इतकं घेतलं, की एकदा ताक चुलीवर चढवायला निघाली तेव्हा नवऱ्यानं, कल्याणप्पानं, हात धरून तिला थांबवलं.

घरचा धंदा बांगड्यांचा. नवरीच्या हातात चुडा भरावा तो सिद्धम्मानंच. पोरगी रडायला तोंड उघडायच्या आत काम उरकलेलं असे. पण त्या वर्षी ऐन लग्नसराईत एक हिरवी बांगडी फुटली आणि काच सिद्धम्माच्याच डाव्या तळहातात घुसली. काच निघाली, जखम काही भरेना. हात सुजला, पू धरला. वसंतरावांनी पेनिसिलिनची इंजेक्शनं दिली, सोलापूरहून महागड्या कॅप्सुला आणवल्या. आधी ज्या औषधानं जखमा बघता बघता वाळायच्या, ते या पुवातले जंतू आरामात पचवत होते.

"औषधाला सरावलेत हे," डॉक्टर एक दिवस म्हणाले. "हाडापर्यंत गेले, तर सोलापूरला नेऊन हात मनगटातून काढावा लागेल."

कल्याणप्पाच्या डोळ्यांपुढे दुकान आलं. सिद्धम्माच्या डोळ्यांपुढे देव आला. माणसं लिंगायत. गळ्यातलं इष्टलिंग सकाळी काढून डाव्या तळहातावर घ्यायचं, उजव्या हातानं भस्म लावायचं, बेल वाहायचा आणि नजर लावून बसायचं. दीक्षा झाल्यापासून तिनं हे कधी चुकवलं नव्हतं, बाळंतपणातसुद्धा नाही. आता लिंग उजव्या हातावर घ्यावं लागे आणि भस्म लावायला नवरा. तिला ती पूजा वाटतच नव्हती. उसन्या हाताची पूजा, असं म्हणायची आणि दिवसभर घरात भांड्यांवर राग काढायची. हातच तुटला तर देवाला बसवायचं कुठं? हे तिनं डॉक्टरांनाही विचारून पाहिलं. त्यांच्या पुस्तकात ते नव्हतं.

वसंतरावांचे एक जुने गुरुजी मुंबईच्या एका प्रयोगशाळेत होते. त्यांचा नाद जगावेगळा. जंतूंना खाऊन टाकणारे, जंतूंहूनही बारीक जीव असतात, फाज म्हणतात त्यांना. गुरुजी ते धुंडाळत बसायचे. वसंतरावांनी सिद्धम्माच्या जखमेतला पू त्यांच्याकडे पाठवला. बऱ्याच दिवसांनी सोलापूरच्या मोटारीनं दोन लहान बाटल्या आल्या.

"यात पट्टी भिजवून सकाळ-संध्याकाळ जखमेवर ठेवायची," डॉक्टरांनी एक बाटली तिच्या हाती दिली. दुसरी स्वतःजवळ ठेवली. "बाटली गार जागेत ठेवा. औषध नवं आहे, जपून वापरा."

एवढं सगळं सांगितलं, आणि मुख्य ते राहिलंच. शिकल्या माणसाचं असं होतं कधी कधी.

बाटली संपली. जखम होती तशीच, उलट मनगटापर्यंत ठणका. वसंतरावांचा चेहरा पडला.

"नेमानं लावलंत ना, सिद्धम्मा?"

"व्हय जी. एक येळ चुकली न्हाय. तुमी सांगता तसंच समदं. पट्टी उकळली, वाटी उकळली. औषध तर लई येळ खळखळ उकळून घेत व्हते."

"औषध उकळलंत?"

"मग? कच्चंच लावू?"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मग त्यांना हसू फुटलं आणि ते आवरेना. अख्ख्या गावात एका माणसानं त्यांचं ऐकलं होतं, आणि ते असं अंगाशी आलं होतं.

"अहो, जिवंत होते ते! तुमच्या जखमेतले जंतू खायला आणले होते. शिजवलेत सगळे."

"जित्ते?" सिद्धम्मानं डोळे विस्फारले. "आन् आणले कुठनं?"

खोटं बोलणं सोपं होतं. वसंतरावांना ते जमलं नाही.

"मुंबईच्या गटारातून. घाणीत असले जंतू असतात, म्हणून त्यांना खाणारेही तिथंच सापडतात. गाळून घेतलंय सगळं. दुसरी घाण त्यात नाही."

कल्याणप्पा ताडकन उठला. "डाक्टरसाब, ह्या हातावर आमी देव बसवतो! तिथं गटाराचं पानी? आन् तेबी न उकळता?"

"उकळलं तर उपयोग नाही. उरलेली एकच बाटली आहे. आणि ती नको असेल, तर सोलापूर," डॉक्टर म्हणाले.

सिद्धम्मा आपल्या तळहाताकडे बघत राहिली. तिला शिसारी आली होती, हे खरंच. पण त्या हाताची तर त्याहून जास्त आली होती.

"इतके दिस ह्यो पू बसलाय हितं," ती नवऱ्याला म्हणाली, "त्यो काय काशीहून आलाय? बसा खाली." आणि तिनं हात डॉक्टरांपुढे केला.

या खेपेला पट्ट्या डॉक्टरांनी स्वतः ठेवल्या, दवाखान्यातच. चुलीचा भरवसा नको म्हणून. आधी ठणका कमी झाला. मग पू पातळ झाला, सूज ओसरली, कडेनं गुलाबी कातडी धरू लागली. सिद्धम्मा घरात पुन्हा मोठ्यानं बोलू लागली. कल्याणप्पाला तिच्या शिव्या ऐकून इतका आनंद कधी झाला नव्हता.

श्रावण लागला तेव्हा डॉक्टरांनी शेवटची पट्टी काढली. "मिटली जखम. उद्यापासून करा पूजा."

सिद्धम्मानं बोटं मिटून उघडून पाहिली. "डाक्टरसाब, मग त्येंचं काय झालं?"

"कुणाचं?"

"ज्येंनी खाल्लं त्येंचं."

"त्यांचं काय व्हायचंय? जंतू संपले, की खायला काही उरत नाही. मग तेही संपतात."

हे तिनं हिशेबात धरलंच नव्हतं. तिच्या दारातून जंगम असो की भिकारी, कुणी रिकाम्या पोटी गेलेलं नव्हतं. बरं झाल्याचा आनंद मनात मावत नव्हता, आणि तरी काहीतरी टोचत होतं.

सकाळी अंघोळ करून ती पूजेला बसली. भस्माची वडी, बेलाची पानं, सगळं पुढ्यात. डावा तळहात उघडला आणि तिनं आधी एक बेलाचं पान ताज्या वणावर ठेवलं.

"अगं, लिंगाच्या आदी बेल कुनाला?" कल्याणप्पानं विचारलं.

"ज्येंनी जागा करून दिली, त्येंना."

"गटारातल्या किड्यांना?"

"व्हय," सिद्धम्मा म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "माज्या हातावर आले, राबले, आन् हितंच उपाशी मेले की वो."

कल्याणप्पा हसायच्या बेतात होता, पण हसला नाही. तिनं गळ्यातलं लिंग काढलं, त्या पानावर ठेवलं, आणि भस्म लावायला स्वतःचा उजवा हात पुढे नेला.