डावीकडून कापलेलं चित्र

शनिवारची सकाळची शाळा आटपून यशश्री घरी आली, तेव्हा तिचा नवरा अपूर्व बाहेर जायचे कपडे घालून सोफ्यावर बसला होता. मांडीवर कापडी पिशवी होती आणि पिशवीत त्याचा तो तळहाताएवढा गेमचा बोर्ड, वायरी आणि मोजपट्टी.

"आज स्क्रीन बघायला जाऊ," तो म्हणाला.

तिला जरा पाठ टेकायची होती. पण मागच्या शनिवारीही तिने हेच सांगून त्याला थांबवलं होतं. ती स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायली आणि तिने पुन्हा चपला घातल्या.

हॉलच्या कोपऱ्यात ते प्लायवूडचं उंच खोकं उभं होतं. लहानपणी अपूर्व बसस्टँडजवळच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात पडीक असायचा. चाळिशी उलटल्यावर, बियाण्यांच्या कंपनीत हिशेब तपासून तपासून डोकं उठलं की तो रविवारी तसलंच यंत्र घरी बनवायला बसायचा. प्लाय कापून, पॉलिश करून झालं. डावीकडे जॉयस्टिक आणि उजवीकडे बटणं बसली. मधलं स्क्रीनचं भोक तेवढं राहिलं. दिवाळीनंतर बघू म्हणाला, आणि दिवाळीच्या आधीच एका सकाळी दात घासता घासता त्याची डावी बाजू लुळी पडली.

संभाजीनगरचा दवाखाना, मग घरी रोजचा व्यायाम, तिच्या संपलेल्या रजा, पुन्हा शाळा. आता तो चालत होता, डावा पाय थोडा ओढत. डाव्या हातात कप धरत होता. फक्त फार चिडका झाला होता. ती समोर असली तरी कधी कधी हाक मारायचा, आणि तिने ओ दिली की म्हणायचा, "मंग बोलत का न्हाईस?" तिला वाटायचं, आजारपण आहे, होईल कमी. हॉलमधल्या त्या भोकात ती इस्त्रीचे कपडे ठेवू लागली होती.

रिक्षात बसताना तो म्हणाला, "पुढच्या महिन्यापासून रिक्षा बंद. माझी गाडी मी चालवणार. हाताला पकड आलीय आता."

"बघू," ती म्हणाली. गाडीची चावी तिने कपाटात ठेवली होती. खरं तर त्याने गाडी चालवावी असं तिलाच वाटत होतं. रोज सकाळी रिक्षाने त्याला ऑफिसला सोडून शाळेत पोचायचं आणि संध्याकाळी परत आणायचं, याला ती कंटाळली होती.

जुन्या जालन्यात राधेश्यामचं जुन्या टीव्हींचं दुकान होतं. दारापासून छतापर्यंत टीव्ही रचलेले, मध्ये एक माणूस जाईल एवढी वाट. राधेश्याम अपूर्वचा शाळेपासूनचा ओळखीचा. त्याने स्टुलं पुसून दिली.

"अपूर्वभाऊ, बहुत दिवसांनी. तब्येत?"

"एकदम बराबर. मला डब्बा टीव्ही दाखव. पिक्चर ट्यूबचा. गेम त्याच्यावरच खरा दिसतो."

"दिसतो, न्हाई म्हणत न्हाई मी. पण वजन बघा. तुमचं प्लाय फाटंल. अन् बिघडला तर सामान मिळत न्हाई आता." राधेश्यामने तरीही एक डब्बा टीव्ही पुसून लावला. अपूर्वने पिशवीतून बोर्ड काढून दिला, राधेश्यामने वायरी जोडल्या. पडदा हळूहळू उजळला. खाली एक विमान आणि वरून उतरणारी शत्रूची विमानं. अपूर्व पुढे झुकून बघत राहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावर किती तरी दिवसांनी काही उमटलं. यशश्रीने भिंतीला डोकं टेकलं. इथे तासभर बसावं लागलं तरी चालेल, असं तिला वाटलं.

"चित्र कापतंय," अपूर्व म्हणाला.

"कुठं?"

"डावीकडून. अर्धं चित्र येऊनच न्हाई राह्यलं."

राधेश्यामने पडद्याजवळ जाऊन पाहिलं. "पूर्ण आहे, भाऊ."

"पूर्ण कुठंय? ट्यूब गेलीय हिची. दुसरा दाखव."

दुसरा लावला. मग एक पातळ, रुंद एलईडी लावला. राधेश्यामने त्याचा प्लग काढून पुन्हा घातला, लाइट जाऊन आली तरी रिमोट न दाबता हा आपोआप सुरू होतो, खोक्यात बसवायला असाच लागतो, हे दाखवलं. अपूर्वचं तिकडे लक्ष नव्हतं.

"हाही कापतोय. गुण कुठं दिसतात यात? वरच्या कोपऱ्यात गुण असतात."

"आहेत की. हे काय." राधेश्यामने डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"कुठंय?" अपूर्वचा आवाज चढला. "मला बनवून राह्यलास का तू?"

यशश्रीला शरम वाटली. "अहो, हळू बोला. आहेत तिथे गुण. मला दिसतायत."

अपूर्वने मान वळवली, पूर्ण डावीकडे, आणि थबकला. "आत्ता आले," तो म्हणाला. मान सरळ केली. "गेले."

राधेश्यामने यशश्रीकडे पाहिलं. ती उठली आणि अपूर्वच्या समोर जाऊन उभी राहिली.

"माझ्या नाकाकडे बघा. नाकाकडेच." तिने हात त्याच्या उजव्या बाजूला धरून बोटं हलवली. "दिसतंय?"

"दिसतंय."

मग तिने हात त्याच्या डाव्या बाजूला नेला आणि बोटं हलवली. काही न बोलता हलवत राहिली.

"हं, दाखव ना," अपूर्व म्हणाला. "कशाची वाट बघून राह्यलीस?"

तिचा हात तसाच हवेत राहिला. तिला ताट आठवलं. रोज ताटात डावीकडची कोशिंबीर, चटणी तशीच उरायची आणि वर तो विचारायचा, आज चटणी का केली न्हाई. ती म्हणायची, केलीय, समोर आहे, आणि दोघांचं वाजायचं. दाढी करताना डावा गाल अर्धा राहायचा. दाराची डावी चौकट त्याला रोज लागायची आणि तो चौकटीला शिव्या द्यायचा. ती डाव्या बाजूला बसली की तिला हाका मारायचा.

राधेश्यामने एकेक करून टीव्ही बंद केले. "भाभी, चहा सांगतो," म्हणून तो बाहेर गेला. नंतर बराच वेळ आलाच नाही.

सोमवारी तिने अर्धी रजा टाकून डोळ्यांच्या डॉक्टरबाईंकडे नंबर लावला. त्यांनी अपूर्वला एका पांढऱ्या घुमटासारख्या यंत्रात डोकं टेकवून बसवलं आणि ठिपका दिसला की बटण दाबायला सांगितलं. ठिपका डाव्या बाजूला आला की तो बटण दाबतच नव्हता, हे यशश्रीला मागून दिसत होतं.

"डोळे चांगले आहेत तुमचे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "अर्धांगाच्या झटक्यात मेंदूची जी जागा गेली, तिथे डाव्या बाजूचं चित्र तयार व्हायचं. दोन्ही डोळ्यांचं. हातापायाच्या गडबडीत ते राहून गेलं असणार, आणि पेशंटला स्वतःला हे कळत नाही."

"परत येईल?" यशश्रीने विचारलं.

"आता फारसं नाही येणार. पण मान वळवून बघायची सवय लावता येते. रोज लावावी लागते. वाचताना ओळीच्या डाव्या टोकाला लाल रेघ मारा. रेघ दिसेपर्यंत मान न्यायची, मग वाचायचं."

"अन् गाडी?" अपूर्वने विचारलं.

"गाडी नाही. डावीकडून आलेला माणूस तुम्हाला दिसणारच नाही."

घरी येऊन त्याने कपाट उघडलं, चावी काढली, थोडा वेळ हातात धरली आणि परत ठेवून दिली. यशश्री कणीक मळत होती. तिला त्याच्याजवळ जावंसं वाटलं, पण जाऊन काय बोलायचं ते सुचेना. उद्या सकाळी त्याला सोडायचं, परवाही सोडायचं, हे मात्र सुचत होतं, आणि ते मनात आल्याचा तिला राग आला.

पुढचे काही दिवस अपूर्वने स्क्रीनचं नावही काढलं नाही. तिने विचारलं तर म्हणाला, "कपडे ठेव त्यात. तेच बरंय."

मग एका शनिवारी ती शाळेतून परस्पर राधेश्यामकडे गेली.

"एलईडी ठेवलाय मी तुमच्यासाठी बाजूला," तो म्हणाला.

"नको. फार रुंद आहे. चौकोनी असतं ना काही, जुन्या कम्प्युटरचं?"

त्याने आतून एक चौकोनी मॉनिटर आणला. तिने तो लावायला सांगितला आणि समोर बसून, मान न हलवता, सगळा पडदा एका नजरेत येतो का ते पाहिलं. मग खाली वाकून, बाजूला सरकून पाहिलं. खोक्यात स्क्रीन जरा मागे कललेला असणार होता. तिरका बघितला तरी रंग उडत नव्हता. राधेश्यामने प्लग काढून घातला. मॉनिटर आपोआप सुरू झाला.

"हाच द्या."

"पण भाभी, तुमचं भोक मोठं आहे. जागा उरंल. असं करा, उजवीकडं सरकवून बसवा. भाऊला बराबर दिसंल."

हा विचार तिच्याही मनात येऊन गेला होता. "नको," ती म्हणाली. "मधोमधच बसवायचा. सरकवला तर ते मान वळवणार नाहीत."

राधेश्यामने मॉनिटरची वायर गुंडाळली. मग स्वतःच म्हणाला, "रविवारी मी येतो बसवायला. पट्ट्या लागतील लाकडाच्या."

रविवारी सकाळी तो आला. अपूर्व आतल्या खोलीत पेपर घेऊन पडला होता. ड्रिलचा आवाज सुरू झाला तरी उठला नाही. पण राधेश्याम मुद्दाम मोठ्याने म्हणाला, "या तुमच्या दोन बटणांची वायर उलटी जोडलीय कोणी तरी," तेव्हा तो बाहेर आला.

"उलटी न्हाई. मी जोडलीय," तो म्हणाला आणि टॉर्च मागून घेतला.

दोघं बराच वेळ खोक्याच्या मागे होते. यशश्रीने पडद्याच्या डाव्या कडेला लाल टेप चिकटवली. अपूर्वने ती पाहिली आणि तशीच राहू दिली.

राधेश्याम गेल्यावर तो खेळायला बसला. डाव्या हाताची बोटं जॉयस्टिकवरून घसरत होती. त्याचं विमान लगेच फुटलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा फुटलं.

"डावीकडून येऊन राह्यलेत ना?" त्याने विचारलं.

"हो."

"इथं बस. आले की सांग."

ती स्टूल घेऊन त्याच्या डाव्या बाजूला बसली. सांगत राहिली, आले, आले, आता दोन. पण ती सांगेपर्यंत उशीर व्हायचा. तिचे डोळे जड झाले होते. आठवडाभराची झोप मानेवर येऊन बसली होती.

"अहो, मी नाही सांगत आता," ती म्हणाली. "टेपपर्यंत मान न्या आणि तुमचं तुम्हीच बघा. मला पडू द्या जरा."

तो चिडेल असं तिला वाटलं. तो "बरं," म्हणाला.

ती तिथेच सोफ्यावर आडवी झाली. अर्धवट मिटल्या डोळ्यांनी तिला त्याची पाठ दिसत होती. मान डावीकडे जात होती, परत येत होती, पुन्हा जात होती. विमान फुटल्याचा आवाज आला. मग सुरू करायचं बटण दाबल्याचा आवाज. भात लावायचा राहिला होता. ती उठली नाही.