मधाची ओळ कोणाची

साइटवरच्या माझ्या नाचणी सत्त्वाच्या पानावर शेवटी एक नवीच ओळ होती. ‘सहा महिन्यांनंतर गोडीसाठी चमचाभर मध घालावा.’ आणि खाली माझं नाव. लेखन: नूपुर.

मी हे लिहिलंच नव्हतं. वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नसतो, त्यातून विषबाधा होऊ शकते, असं माझ्या मनूच्या वेळी डॉक्टरांनी बजावून सांगितलेलं. आमच्या लालबाग-परळच्या आयांच्या साइटवर कुणीही भर घालू शकतं. नाव मात्र पान सुरू करणारीचंच दिसतं.

ओळ लगेच खोडली. पण तळमजल्यावरची प्राची आजपासून तिच्या सहा महिन्यांच्या अवधूतला वरचं भरवणार होती, तेही माझंच पान उघडून. तिने फोन उचलला नाही. मनूला कडेवर घेतलं आणि जिना उतरता उतरता साइट सांभाळणाऱ्या कौसल्याकाकूंना फोन लावला.

“काकू, ती मधाची ओळ कोणाची?”

“माझीच की. आमच्यात जन्मल्या जन्मल्या मध चाटवतात. माझी तिघंही ठणठणीत आहेत.”

“मग तिथे तुमचं नाव का नाही घातलंत?”

“अगं, मान तुलाच दिला! आणि कौसल्या नाव बघून हल्लीच्या पोरी ऐकतात होय? म्हातारीचं खूळ म्हणतात.”

प्राचीचं दार उघडंच होतं. अवधूत मांडीवर, शेजारी मधाची बाटली, चमचा त्याच्या ओठांशी. मी वाटी-चमचा हिसकावलाच. अवधूतने भोकाड पसरलं, पाठोपाठ मनूनेही.

“वेड लागलंय का तुला?” प्राची ओरडली.

“मध घातलायस?”

“तूच लिहिलंयस ना!”

“मी नाही लिहिलं गं.”

“नाव तुझं आहे. मी डॉक्टरांना विचारणार होते. तुझं नाव दिसलं, म्हटलं आता कशाला.”

काकू अजून फोनवरच होत्या. मी म्हटलं, “ऐकलंत? आजपासून जिची ओळ तिचं नाव.”

काकू म्हणाल्या, “चालेल. पण त्या पानावरची नाचणीला मोड आणायची रीतही माझीच होती. त्यासाठी सगळ्या तुला शाबासकी देत होत्या, तेव्हा नाही बोललीस?”

माझे कान तापले. “तिथेही तुमचं नाव घाला,” म्हटलं.

प्राचीने पदराने अवधूतची जीभ पुसली. “पोटात किती गेलं, कळत नाही गं,” ती पुटपुटली. मी काही सांगायला पुढे झाले, तर तिने हातानेच थांबवलं आणि डॉक्टरांचा नंबर लावला.